कोरी राहिलेली डावी बाजू

ईरा, निखिल, मामाआजोबा गेल्याचं मी तुम्हाला एका वाक्यात सांगितलं आणि फोन ठेवला. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. क्रमाने सांगता येईपर्यंत मला बोलता येत नाही. आता काही आठवडे लोटलेत, म्हणून लिहिते आहे.

दिनकर, माझा धाकटा भाऊ, केजच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. निवृत्तीनंतरही त्याची सकाळ ठरलेली. ओसरीतली काळी शहाबादी फरशी ओल्या फडक्याने पुसायची आणि ती वाळली की गुडघ्यांवर बसून खडूने हात मोकळा करायचा. आधी आडव्या रेघा, ओसरीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पट्टीशिवाय. मग उभ्या, मग गोल, शेवटी लंबगोल. खडू टेकण्याआधी हात हवेतच फिरवून घ्यायचा. "मनगटातून न्हाई, खांद्यातून," असं तो फोनच्या पडद्यावरून तुम्हाला बजावायचा आणि तिकडे परदेशात संध्याकाळी तुम्ही रद्दी कागदांवर त्याच्याबरोबर रेघा ओढायचात. निखिलने एकदा कंटाळून विचारलं, "मामाआजोबा, वाघ कधी काढायचा?" "हात गरम होऊ दे बे आधी. थंड हातानं काढला तर मांजर होतंय त्याचं."

या फरशीवरून आमच्या तिघांच्या घरात रोजचं भांडण होतं. डाव्या कडेला पायऱ्या, आणि तिथेच सुमनची, म्हणजे त्याच्या बायकोची, रांगोळी. "अवो, माझ्या रांगोळीच्या जागेत तुमचे गोल कावून?" "मग तू सरक की उजवीकडं." सरकलं कोणीच नाही. उन्हाळा लागता लागता एके दिवशी डावीकडची फरशी कोरी राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच. सुमन स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "अक्का, ऐकलं बघा एकदाचं माझं. लई वर्षं लागली!" त्या दिवशी तिने रंग भरून मोठी रांगोळी घातली.

लक्षात आलं ते ईराच्या. "मामाआजोबा, तुमचे सगळे गोल एका बाजूने उघडे आहेत." तो हसला. "कुठं उघडे? पुरे हाईत की." मी चष्मा लावून पाहिलं... प्रत्येक गोल डावीकडे तुटलेला. मी बोट ठेवून दाखवलं, पण त्याने माझ्या बोटाकडे पाहिलंच नाही. दुपारी जेवताना तो सुमनला म्हणाला, "आज ठेचा केला न्हाई का?" ठेचा ताटात होता, डावीकडे, मिठाशेजारी.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी स्कॅन उजेडासमोर धरला. डोक्यात उजव्या बाजूला गाठ होती. डावीकडचं जग त्याच्यापुरतं पुसलं जात होतं, आणि शस्त्रक्रियेने फारसं काही साधणार नव्हतं. परतताना गाडीत दिनकर म्हणाला, "अक्का, जे दिसतच न्हाई, ते गेलंय हे मला कळावं कसं?"

फरशी त्याने सोडली नाही. शेवटपर्यंत रेघ डाव्या कडेपर्यंत न्यायची, एवढाच हट्ट त्याने धरला. सुमन डाव्या कडेला जमिनीवर बसून हाक मारायची, "अवो, इकडं. इकडं हाय मी." तो उजवीकडून सुरुवात करायचा आणि आवाजाच्या रोखाने मान वळवत रेघ तिच्याकडे ओढत न्यायचा. पोचली की ती म्हणायची, "आली." पण कोरा भाग दिवसेंदिवस ओसरीच्या मध्याकडे सरकत राहिला. नंतर तो पुसायचाही तेवढीच, उजवीकडची फरशी. सुमन मग आणखी जवळ सरकून बसायची. एका सकाळी खडू मध्येच थांबला. "सुमन, कुठं गेली तू?" तो विचारत होता. तेव्हा त्याचा डावा हात तिच्या दोन्ही हातांत होता.

पावसाळा सरता सरता तो गेला.

सुमन अजून रोज सकाळी फरशी पुसते, वाळू देते आणि डाव्या कडेला जाऊन बसते. परवा चहाचा कप घेऊन मी ओसरी ओलांडून तिच्याकडे जायला उंबऱ्यात आले, तर तिने झटकन हात आडवा केला.

"थांबा अक्का," ती म्हणाली, "रेघ यायलीय."

मी उंबऱ्यातच थांबले.