मुनवरनं बुडवलेलं जहाज

गेल्या उन्हाळ्यात परंड्यात एक गोष्ट कानोकानी फिरली. शरिफाबीच्या मुनवरनं जहाज बुडवलं. सांगणारा आधी मागं वळून बघायचा, मग आवाज खाली करायचा. कोचीजवळ बुडवलं म्हणे, अख्खंच्या अख्खं. माणसं तेवढी वाचली.

आमच्याकडं पाणी म्हणजे किल्ल्याचा खंदक, अन् त्यातही उन्हाळ्यात शेरडं चरतात. अशा गावच्या पोरानं जहाज बुडवायचं म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. काही जणांना तर आतून अभिमानच वाटला.

मुनवर ज्यावर कामाला होता ते पर्यटकांचं लहानसं जहाज. मुंबईहून निघायचं, गोवा, मंगळूर, कोची करत लक्षद्वीपच्या एका बेटाला जायचं अन् माघारी फिरायचं. वर पाहुणे ऊन खात लोळायचे, तळाला मुनवर त्यांच्या चादरींना इस्त्री करायचा. गावात मात्र त्यानं 'पाहुण्यांची सगळी व्यवस्था माझ्याकडं' असं सांगून ठेवलेलं. त्याची आई शरिफाबी त्यात भर घालून 'कप्तानाच्या खालोखाल' म्हणायची.

जीभ त्याची पहिल्यापासून तिखट. स्टँडसमोर पंक्चर काढणारा रणधीर बायको माहेरी गेली की स्वतः भाकऱ्या थापतो, म्हणून मुनवरनं त्याचं नाव 'भाकरीबाई' पाडलं. ते इतकं चिकटलं की टेम्पोवाले हवासुद्धा भाकरीबाईकडं भरायला लागले.

बंदर आलं की पाहुणे चर्च बघायचे, मसाले हुंगायचे, होडीत बसून फोटो काढायचे. मुनवर ज्वारीचं पीठ शोधत हिंडायचा. जहाजावर सकाळी पाव, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. पोट भरायचं पण जीव भरायचा नाही. गोव्यात त्याला तांदळाचं पीठ दाखवलं. कोचीत लोक नुसतेच हसले. बेटावर नारळ खायचा, नारळच प्यायचा. आजोळ कर्नाटकाच्या सीमेवरच्या मुरुमचं, म्हणून मोडकीतोडकी कानडी यायची. ती चालवून मंगळुरात त्यानं विजापूरकडच्या एका बाईची खानावळ हुडकून काढली. तिनं त्याचं तोंड बघूनच पिशवीभर पीठ दिलं. ती पिशवी त्यानं चादरींच्या मागं लपवली.

अशातच कळंबच्या फरहानाशी त्याची सोयरीक जुळत आली. पोरगी त्याला मनापासून आवडलेली. तिचे अब्बा अक्रमभाई धान्याचे आडते, मालही पारखून घेणारे अन् माणूसही. त्याच जहाजावर कळंबचा सिद्धेश्वर वेटर होता. त्यानं घरी फोनवर एवढंच सांगितलं की मुनवरमुळं जहाज थांबलं. कळंबच्या बाजारात ते अडकलं, बार्शीच्या गाडीत कलंडलं अन् परंड्याच्या स्टँडवर उतरेस्तोवर बुडालं.

अक्रमभाईंनी मंगनी रोखून धरली. ज्याला जहाज सांभाळता आलं नाही, तो माझी पोरगी काय सांभाळणार, असा त्यांचा सवाल. सुट्टीवर आलेला मुनवर तोंड शिवून बसला. खरं सांगावं तर रणधीर गावात जगू देणार नाही. न सांगावं तर फरहाना हातची जाते. शेवटी शरिफाबीनं त्याला ढकलतच कळंबच्या गाडीत बसवलं.

अक्रमभाईंनी चहा दिला. बिस्किटं दिली नाहीत, यावरून काय ते समजावं. जहाजाचं नेमकं काय झालं, असं त्यांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मुनवरनं दोन्ही वेळा चहाचीच तारीफ केली. आत फरहाना भाकरी थापत होती. धप, धप, धप. मुनवर चुळबुळला, अन् सवयीनं बोलून गेला,

"परातीखाली ओलं फडकं घाला. आवाज लांब जात न्हाय."

थापणं थांबलं. पिठानं भरलेल्या हातांनी फरहाना दारात येऊन उभी राहिली.

"तुमाला कसं माहीत?"

"कप्तानानं घालायला लावलं."

"कुणाला?"

"मला."

अक्रमभाईंची बशी ओठापाशी थांबली. "म्हंजी जहाजावर तुमी भाकरी थापत व्हता?"

"व्हय, चाचा. पण रणधीरला सांगू नका."

अक्रमभाई इतके हसले की चहा दाढीवर सांडला. फरहाना हसली नाही. तिनं आतून परात आणली, त्याच्यापुढं ठेवली अन् म्हणाली, "थापा."

त्यानं थापली. भाकरी गोल झाली अन् काठ कुठंही चिरला नाही. फरहानानं ती उजेडाला धरून बघितली.

"अब्बा," ती म्हणाली, "बिस्किटं काढा."

मंगनी झाली. रणधीर पहिल्या पंगतीला होता अन् त्यानं नवरदेवाला आहेरात परात दिली. आता हवा रणधीरकडं भरतात, अन् भाकरीबाई सुट्टीत परंड्याला येते.

जहाज बुडालं नव्हतं. कोची सोडल्यावर तळातून धपधप ऐकू आली, म्हणून इंजिन बिघडलं असं समजून कप्तानानं ते थांबवलं. मुनवर इस्त्रीच्या पत्र्याच्या टेबलावर परात ठेवून भाकरी थापत होता.