पहिल्या खुर्चीचे आमंत्रण

वडगावात आमच्या घरासमोर सुबराव राहतात. व्यवसायाने विणकर. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि उरलेल्या जागेत नवरा-बायको. माग चालू असताना त्यांना मोठ्याने बोलावे लागते. ती सवय इतकी जडली आहे की माग बंद असतानाही दोघे मोठ्यानेच बोलतात, आणि त्यामुळे त्यांचा संसार सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

पुढील हकिगत समजण्यासाठी या धंद्याची रचना प्रथम सांगणे आवश्यक आहे. माग सुबरावांचे स्वतःचे. सूत मात्र राजकुमार सावकारांचे. सूत देऊन साड्या विणून घेणाऱ्या व्यापाऱ्याला आमच्याकडे सावकार म्हणतात. त्यांचा टेम्पो ताण्याचे बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला जड रूळ, घरपोच आणून टाकतो. ते विणून संपले की पुढचे येते. बीम आले तरच विणकराची चूल पेटते. लेखी करार कोणताही नसतो. असते ती केवळ रीत: बारसे असो वा वास्तुशांत, घरचे पहिले आमंत्रण सावकारांना, आणि मांडवातली पहिली खुर्चीही त्यांचीच.

गेल्या वर्षी माधवी नावाची तरुणी कॅमेरा घेऊन गल्लीत आली. घर खानापूर तालुक्यातील शेतकऱ्याचे, शिक्षण बेंगळुरूत. आर्थिक विषमता आणि भांडवलशाहीची सुधारणा या विषयावर ती माहितीपट करीत होती. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत असे, म्हणून ती माझ्याकडे आली, आणि मी तिला सुबरावांकडे नेले. तिची मांडणी सुसंगत होती. भांडवल मोडीत काढावे असे तिचे म्हणणे नव्हते. श्रम करणाऱ्याला नफ्यात आणि निर्णयात वाटा मिळावा, एवढेच ती मागत होती.

चित्रीकरणाच्या वेळी सुबराव मोकळेपणाने बोलले, आणि पुढे आपण काय बोललो हे विसरूनही गेले. माहितीपटाचा पहिला खेळ आणि त्यानंतर सुबरावांचा सत्कार गल्लीतल्या समाजमंदिरात ठरला, तेव्हा ते धुतलेला सदरा घालून थेट खडेबाजारातल्या दुकानात गेले आणि सावकारांना आमंत्रण देऊन आले.

"त्यास्नी कशाला बोलीवलं?" पत्नी सुवर्णाबाईंनी विचारले.

"रीत हाय न्हवं. गल्लीत काय बी झालं तर पयली खुर्ची त्यांची."

"तुमचं लगीन हाय व्हय?"

"मग काय तर! हार हाय, शाल हाय, फोटो हाय. नवरीच तेवढी जुनी."

सावकार आले आणि पहिल्या खुर्चीवर बसले. पडद्यावर उंच इमारती आल्या, अर्थतज्ज्ञ आले, आलेख आले. लोक जांभया देऊ लागले. मग सुबराव दिसले, आणि सगळे सावरून बसले.

"सावकार वंगाळ न्हायीत," पडद्यावरचे सुबराव सांगत होते. "पर सूत तुटलं तर आमचं, डाग पडला तर आमचा, साडी इकली न्हाय तर काम बी आमचंच बंद. धोका समदा आमच्या घरात, फायदा तेवढा दुकानात. असं कसं वो?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या मष्णूने शिट्टी मारली. खाली बसलेल्या सुबरावांनी मात्र मान वर केली नाही. शेवटी त्यांचा सत्कार झाला, तोही सावकारांच्याच हस्ते. सावकारांनी शाल घातली, खांद्यावर नीट केली आणि म्हणाले, "आमचा सुबराव आता हुशार झाला."

त्याच आठवड्यात सुबरावांच्या मागांवरचे सूत संपले. टेम्पो गल्लीत आला, मष्णूकडे बीम उतरवून निघून गेला. पुढच्या आठवड्यातही तसेच झाले. सुबराव माझ्याकडे आले. "सर, तुमी संगट चला. तुमच्या म्होरं ते वाईट बोलायचे न्हायीत." आम्ही खडेबाजारातल्या दुकानात गेलो.

"सूत आलं न्हाय व्हय, सावकार?"

"सूत लई हाय रं."

"मग बीम?"

"तूच म्हणालास की, धोका समदा तुझ्या घरात. मला लई वाईट वाटलं. काढून घेतला बघ तुझा धोका. आता सुखानं नीज."

दुकानातला नोकर हसला. मी काही बोलू लागलो, तेव्हा सावकारांनी चहा मागवला. "सर, तुमचं पेन्शन येळेवर येतंय न्हवं? मग तुमी चा घ्या."

मी चहा घेतला नाही. त्याने कोणाचेही काही बिघडले नाही. सावकारांनी अट सांगितली: येत्या रविवारी सुबरावांनी समाजमंदिरात उभे राहून, त्या मुलीने पढवले तसे मी बोललो, असे सर्वांसमोर म्हणायचे, आणि माहितीपटातून तो भाग काढायला लावायचा.

घरी सुवर्णाबाईंनी सर्व ऐकून घेतले.

"तुमी खरं बोललासा न्हवं?"

"व्हय."

"मग?"

"खरं बोलून झालं गं. आता काम पायजे."

त्या खेळाला टाळ्या वाजवणारे सगळे रविवारी हजर होते. माधवीही आली होती. मीच तिला कळवले होते. सुबराव उभे राहिले. "मला बोलाय येत न्हाय," ते म्हणाले. "त्या बाईंनी शिकवलं हुतं, तसं बोललो. सावकारांनी माफी करावी." मष्णू चपलेचा अंगठा चाचपत राहिला. माधवीला प्रतिवाद सहज करता आला असता, कारण मूळ चित्रीकरण तिच्याजवळ होते. पण बाहेर पडताना ती सुबरावांना एवढेच म्हणाली, "काका, मी काढते तो भाग." सुबरावांनी तिला हात जोडले.

तो माहितीपट आता मोठ्या शहरांतून दाखवला जातो. अर्थतज्ज्ञ आहेत, आलेख आहेत, सुधारणेच्या सूचनाही यथास्थित आहेत. कामगाराला बोलता आले पाहिजे, असे त्यात एक विद्वान फार चांगल्या शब्दांत सांगतात. विणकर मात्र त्यात बोलत नाही. माग चालतो, एवढेच दिसते.

माफी मागितली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, टेम्पो आला. चालकाने एक बीम उतरवले आणि टेम्पोची मागची फळी लावली.

"दुसऱ्या मागाचं?" सुबरावांनी विचारले.

"एकच सांगितलंय, अण्णा."

सुबराव चालकासोबत बीमचे एक टोक धरून आत गेले. सुवर्णाबाई दारातच थांबल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, पायांत चपला घातल्या, आणि मच्छे गावच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या बाळाबाईकडे, तिथे आणखी एका बाईला घेतील का हे विचारायला गेल्या.