आण्णांना न दिसलेला बोगदा

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते माझ्या थोरल्या चुलत्यांचं, म्हणजे आण्णांचं. करकंब भागात विहिरी खोदून त्यांनी मला सोलापूरच्या कॉलेजात शिकवलं. मी पदवीधर झालो त्याच वर्षी सुरुंगाचे दगड उडून त्यांचे डोळे गेले.

विहिरीत उतरण्याआधी आण्णा काठावर चपला काढत. सुट्टीत मीही त्यांच्यामागून तसाच अनवाणी उतरत असे. पुढे सत्तरच्या दशकात शिष्यवृत्तीवर लंडनला गेलो आणि पहिल्याच सकाळी भुयारी रेल्वेच्या जिन्यापाशी वाकून बूट काढू लागलो. मागची माणसं खोळंबली. सोबतचा नागपूरचा मित्र म्हणाला, "अबे, देवळात नाही, कॉलेजात चाललोय आपण!"

खाली गाडीत लोक निवांत पेपर वाचत होते. मी मात्र सारा प्रवास खिडकीबाहेरच्या बोगद्याकडे पाहत राहिलो. हे खोदकाम आण्णांनी बघायला हवं होतं.

मी तसं घरी कळवलं. आण्णांनी मुलीकडून उलट लिहवून घेतलं, "एवढं खोल खणलं, तर पाणी कुटं गेलं रं?"

मी लिहिलं:

"ती. आण्णांस सा. नमस्कार. पाणी लागतं, ते पंपानं सारखं उपसतात. तुम्ही पाहिलं असतं तर या कामाला चार नावं ठेवली असती, आणि ती मला ऐकायची होती. गाडी दिसण्याआधी बोगद्यातून तिचं वारं अंगावर येतं. तेवढं तुम्हाला अजूनही कळलं असतं. पण तुम्हाला इथवर आणणं माझ्याच्यानं होईलसं वाटत नाही, म्हणून लिहून कळवतो."