अंग गरम हाय तवर

जून लागला की लिथुआनियातल्या शिलुपीस गावातले उंच गडी झेनोनासला बघून वाट बदलायचे. पावाच्या दुकानात हा पुढच्या दारानं आत आला की ते मागच्या दारानं पसार. एकदा एक सर्बियाचा खेळाडू, ताडमाड धूड, बाजारात कोबीच्या ढिगामागं उकिडवा बसला होता. गुडघे कोबीच्या वर आलेले. भाजीवाली म्हणाली, "ऊठ रं बाबा, गेला त्यो. माझा माल चेमटला." संध्याकाळी तो सापडलाच.

झेनोनास गावच्या बास्केटबॉल संघाचा दुय्यम कोच. जूनमध्ये तो ज्याला म्हणायचा, "ये की संध्याकाळी वाफेला," तो गडी पुढच्या हंगामात संघात नसायचा. गावच्या बायकासुद्धा दारुड्या नवऱ्याला दम द्यायच्या, "झेनोनासकडं वाफेला धाडीन, बघ!"

ही वाफेची न्हाणी त्याच्या बापानं तळ्याकाठी ओंडके रचून बांधलेली. झेनोनास तिथंच जन्मला. तेव्हा बायका न्हाणीतच बाळंत व्हायच्या. ऊब असायची, पाणी असायचं, पुरुष लांब असायचे. बाप बटाटे पिकवायचा. पोरगं वाढत वाढत चौकटीला कपाळ आपटून घ्यायला लागलं, पण बापानं चौकट उंच केली नाही. म्हणाला, "वाक की. टकुरं तुझं, चौकट माझी." न्हाणीत बापाचा एकच नियम होता. वाफेसाठी तापवलेल्या दगडांवर थुंकायचं नाही. तिथं आपण जन्मतो, तिथंच आपलं मढं धुतात. थुंकायला बाहेर सगळा लिथुआनिया पडलाय.

उंची होती, कोठाराच्या भिंतीला चेंडू टाकायचं कडं ठोकलेलं होतं, म्हणून झेनोनास खेळायला लागला. 'लोकीस' संघात, म्हणजे अस्वलांच्या संघात, तो बरीच वर्षं आडदांड खेळला. नाक दोनदा मोडलं. पाय थकले तेव्हा संघानं त्याला कोचाच्या शेजारी खुर्ची दिली. आणि खुर्चीबरोबर हे जूनचं काम दिलं.

तेव्हाचा मॅनेजर भित्रा. म्हणाला, "झेनोनास, तू माणसांतला माणूस. तुझ्याशी कुणी भांडत नाही. ह्या पोराला तेवढं तू सांग." झेनोनासनं हो म्हटलं. घरात लहान पोरं, मोडकं नाक, दुसरं येत काय होतं? त्यानं त्या पोराला न्हाणीत नेलं, वरच्या फळीवर बसवलं, बर्च झाडाच्या डहाळ्यांच्या जुडीनं, न्हाणीतल्या रिवाजाप्रमाणं, पाठ झोडपून काढली. अंग सैल पडल्यावर म्हणाला, "अंग गरम हाय तवर ऐकून घे." पोरानं ऐकलं, रडलं, तळ्यात उडी मारली आणि गेलं. उघड्यानागड्या माणसाला भांडता येत नाही, हे झेनोनासला त्या दिवशी कळलं. गचांडी धरायला कॉलर लागते.

मग दरसाल तेच. वाफ, जुडी, तेच वाक्य. जाताना खेळाडूच्या हातात सॉसेजचा डबा. संघाचा मालक ब्रुझास सॉसेजवाला. त्याच्या कारखान्याचं नाव पोरांच्या छातीवर, त्याचंच धुरात शेकलेलं सॉसेज निरोपाला. डब्यावर हसरं अस्वल. माणूस कापायचा आणि वर त्याला कापलेलं डुक्कर द्यायचं. पुढं पुढं झेनोनासला तो धुराचा वास सहन होईना. घरात सॉसेज बंद झालं. बायको गेनुते म्हणायची, "आख्खं गाव खातंय, आन् ह्यालाच तेवढी शिसारी. पाव्हणं आलं की वाढू काय, तुझं नाक?"

यंदाच्या जूनमध्ये नवा मॅनेजर एदगारास यानं त्याला बोलावलं. पोरगेलं वय, परदेशात शिकून आलेला, दात पांढरेशुभ्र. टेबलावर बशीत सॉसेजच्या चकत्या. काडीनं एकेक टोचून खात बोलत होता.

"झेनोनासकाका, यंदा तिघं. तिसरा इग्नास."

"इग्नास?"

"संत जॉनच्या सणाच्या, म्हणजे चोवीस जूनच्या आत काढल्याचं तोंडी सांगितलं नाही, तर त्याचा करार आपोआप वर्षभर पुढे जातो. मग गुडघ्याचं ऑपरेशनही आपल्याच गळ्यात."

"गुडघा आपल्याच मॅचला गेला न्हवं?"

"गेला ना. म्हणून तर म्हणतोय. मोडकं सामान सांभाळून करायचं काय?" त्यानं बोटाची चरबी चाटली. "घ्या ना एक चकती."

चकती न घेताच झेनोनास बाहेर आला.

इग्नास गावचाच. कोठाराच्या कड्यात चेंडू टाकणारं हे किडकिडीत पोरगं झेनोनासनंच संघात आणलेलं. एप्रिलात, महत्त्वाच्या सामन्याआधी, त्याचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. एदगारासनं दुखणं मारायची सुई देणारा डॉक्टर आणला. "एवढी मॅच खेळ, पुढचं वर्ष तुझंच." सुई टोचताना इग्नासनं झेनोनासकडं बघितलं होतं. एदगारासकडं नाही, डॉक्टरकडं नाही. आणि झेनोनास म्हणाला होता, "खेळ." सामना जिंकला. गाव रात्रभर गाड्यांचे भोंगे वाजवत फिरलं. गुडघ्याच्या आत मात्र चिंधी झाली होती. आता ऑपरेशन झालं तर पाय सरळ पडणार, नाहीतर बाकीचा जन्म फरफटत. घरात विधवा आई आणि चार कोंबड्या. एवढं मोठं ऑपरेशन त्यांच्यानं होणारं नव्हतं.

बाकीचे दोघं शिरस्त्याप्रमाणं पळाले आणि सापडले. इग्नासला पळताच येईना. औषधाच्या दुकानासमोर काठी टेकून उभा होता.

"ये की संध्याकाळी वाफेला," झेनोनास जमिनीकडं बघत म्हणाला.

"आणिक कोण कोण हाय?"

"तूच."

"बरं. आईला सांगतो, माझं कढण करू नगंस. सॉसेजनंच पोट भरंल आता."

संध्याकाळी इग्नासला वरच्या फळीवर चढता येईना. झेनोनासनं काखेत हात घालून त्याला वर घेतलं, पोरवयात कड्यापर्यंत उचलायचा तसं. दगडांवर पाणी टाकलं. वाफ भरली. गुडघा त्या वाफेत लालभडक, उकडलेल्या बिटासारखा.

"सांग की काका," इग्नास म्हणाला. "अंग गरम झालं."

झेनोनासनं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं. एवढी वर्षं घोळून घोळून गुळगुळीत झालेलं. आणि त्याला त्या वाक्याचाच वास आला. डब्यातल्या सॉसेजचा. बापानं दगडांवर थुंकू दिलं नव्हतं, आणि यानं? थुंकला नव्हता एवढंच. ह्या फळीवर त्यानं माणसं सोलली होती, एकेक करून, गरम असताना.

"पाठ कर हिकडं," तो म्हणाला.

आणि झोडपत राहिला. ते वाक्य बोललाच नाही. निघताना इग्नासनं विचारलं, "डबा?"

"कसला डबा?"

इग्नास काठी टेकत गेला.

दुसऱ्या दिवशी एदगारासनं विचारलं, "झालं?"

"झालं."

संत जॉनच्या रात्री टेकडीवर शेकोट्या पेटल्या, विझल्या. सण सरल्यावर सकाळी इग्नास ऑफिसात येऊन बसला आणि कुठल्या दवाखान्यात जायचं ते विचारायला लागला. एदगारास पळत झेनोनासकडं आला.

"तुम्ही तर म्हणालात, झालं!"

"मग? झालंच की."

"काय झालं?"

"आंघोळ."

ब्रुझास बोंबलला, वकिलानं खांदे उडवले, आणि संघानं ऑपरेशन करून दिलं. झेनोनास रोज वाट बघत होता, आता आपली पाळी. गेनुते म्हणाली, "तुला कोण वाफेला बोलावणार रं? न्हाणी तर तुझीच."

ऑगस्ट संपता संपता इग्नास दारात आला. पाय सरळ पडत होता. काठी नावाला.

"न्हाणी तापवतोस का काका?"

झेनोनासला बरं वाटलं. पोरगं आभार मानायला आलंय. त्यानं चांगली वाळलेली लाकडं घातली, नवी जुडी भिजवली, राय नावाच्या धान्याच्या पावाची आंबील गार करायला तळ्यात सोडली. इग्नास यावेळी आपल्या आपण वर चढला.

"गुडघा वाकतोय न्हवं?"

"वाकतोय. डॉक्टर म्हणला, चालशील, पर उडी इसर. खेळायचं सरलं. पगार चालूच हाय, म्हणून संघानं दुसरं काम दिलंय."

"झ्याक झालं. कसलं?"

बाहेरच्या खोलीतून दाराच्या फटीनं धुराचा ओळखीचा वास आला. झेनोनासनं दार ढकलून बघितलं. इग्नासच्या कपड्यांखालून हसरं अस्वल अर्धं बाहेर आलं होतं. दार लावून तो परत फळीवर बसला.

"एदगारास म्हणला, डबा न्यायचाच," इग्नास हळू म्हणाला.

"तू माणसांतला माणूस, असंबी म्हणला आसंल."

"व्हय."

"आन् तू हो म्हणालास."

"आई हाय काका. पाय असा. दुसरं काय येतंय मला?"

हे उत्तर त्याच्याच घरचं होतं.

"अंग गरम हाय तवर..." इग्नासनं सुरू केलं आणि अडखळला.

"पुरतं सांग. मी कुणाला अर्धं सांगितलं न्हवतं."

इग्नासनं पुरतं सांगितलं. खुर्ची गेली, दुय्यम कोच आता तो, संघ आभारी आहे. झेनोनास उघड्या अंगानं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत बसला. गचांडी धरायला कॉलर नव्हती, आणि असती तरी कुणाची धरायची?

तो उठला, चुलीपाशी गेला आणि बापाच्या दगडांवर पचकन थुंकला. थुंकी चर्र झाली. घाण वास सुटला. इग्नासनं नाक दाबलं.

"दाबू नगंस," झेनोनास म्हणाला. "सवय कर."

मग भिजली जुडी त्याच्या हातात कोंबून तो खालच्या फळीवर पालथा पडला.

"हाण आता. माझी पाठ राहिलीय."