दोन बोटं जौहर

या ब्लॉगवर आजवर स्पिती आलं, गोकर्ण आलं, एकदा तर तीन दिवस पाऊस बघत आंबोलीही आली. या वेळचा प्रवास कर्वेनगर ते कर्वेनगर असा आहे. दोन दिवस, स्कूटर, जेमतेम चाळीस किलोमीटर. तरी सांगतो, स्पितीच्या घाटातही मला एवढा घाम फुटला नव्हता.

कारण माझंच कर्तृत्व. आमच्या घरात एक जुनी तलवार आहे, आजोबांकडून बाबांकडे आलेली. तिच्या पात्यावर जौहर होतं. जौहर म्हणजे जुन्या पोलादात दिसणारी नागमोडी नक्षी. वरून काढलेली नाही, धातूच्याच अंगातली. बाबा गेली आठ वर्षं मोतीबिंदूमुळे ती फक्त बोटांनी चाचपायचे. या महिन्यात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आमची लिफ्ट बंद आणि आम्ही चौथ्या मजल्यावर, म्हणून ते धायरीला ताईकडे राहिले. जाताना म्हणाले, "खंडेनवमीला घरी येतो. पट्टी सुटली की आधी जौहर बघणार."

मग मला वाटलं, बाबांसाठी तलवार चकाचक करून ठेवावी. तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर घेतली, मुठीला लागू नये म्हणून तिथं फडकं गुंडाळलं आणि तासभर मन लावून घासलं. पातं आरशासारखं झालं. त्यात माझा चेहरा दिसत होता. जौहर दिसत नव्हतं.

माझी बायको मृदुला बघून एवढंच म्हणाली, "आता काय करणार आहेस?" नवमीला एक दिवस उरला होता.

दिवस पहिला, अष्टमी. सकाळी नऊला निघालो. तलवार सतरंजीत गुंडाळून योगाच्या मॅटच्या पिशवीत, परवान्याचे कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, आणि दोन्ही घेऊन मृदुला मागे. (अशी वस्तू न्यायची असेल तर उघडी नेऊ नका आणि कागद घरी विसरू नका.) दसऱ्यामुळे रस्तोरस्ती झेंडूचे ढीग होते. सदाशिव पेठेत स्कूटर लावायला वीस मिनिटं गेली, त्यामुळे मिसळीची वेळ हुकली. दुकान उघडं होतं, पण मिसळ संपली होती. पुण्यात हे आपल्यालाच ऐकून घ्यावं लागतं, वर "उद्या लवकर या" असा सल्लाही मिळतो.

तिथं राहणारे आगाशेकाका बाबांचे जुने ओळखीचे, जुन्या शस्त्रांचे जाणकार; आधी त्यांनाच विचारायचं ठरवलं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेले, एकटे, आणि त्यांच्या दोन खोल्यांत चार ठासणीच्या बंदुका, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरून गजाने ठासायच्या जुन्या बंदुका. परवाने चौकट करून भिंतीवर लावलेले. यातली एक ते वर्षातून एकदा, रीतसर परवानगी काढून, मावळातल्या एका देवीच्या उत्सवात नेतात आणि मोकळा, म्हणजे गोळीविना नुसत्या दारूचा, बार काढतात.

आमचं काम ऐकण्याआधी त्यांनी ती बंदूक माझ्या हातात दिली. मी उचलून खांद्याला लावणार, तोच ओरडले, "थांबा! गज टाका आधी."

गज नळीत सोडायचा, तोंडाशी बोट धरायचं, मग बाहेर काढून नळीच्या बाजूने धरायचा. गज पार मुळापर्यंत गेला असेल तर बंदूक रिकामी. चार बोटं आधीच अडला तर आत बार आहे.

"एक बंदूक मी ज्यांच्याकडून घेतली, त्यांच्या दिवाणखान्यात ती दोन पिढ्या भरलेली टांगली होती," काका म्हणाले. "तिच्याखाली बसून लोक चहा पीत होते. रिकामी आहे असं मी सांगून उपयोग नाही. आपण स्वतः बघायचं."

मी गज टाकला. रिकामी होती. मग सतरंजी उलगडली. काकांनी पातं खिडकीशी नेलं, चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला.

"कशाने घासलीत?"

मी सांगितलं.

"अहो, मग राखेनं तरी घासायची. निदान परंपरा जपल्याचं समाधान मिळालं असतं."

मृदुला हसली. मला हसू येईना. काकांना माझी दया आली असावी, कारण पुढचं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं. "पोलाद गेलेलं नाही. वरची छटा गेलीय. रशीदभाई शिकलगार यांच्याकडे जा. हे आता त्यांच्यासारख्यालाच जमेल."

शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. रशीदभाईंचं दुकान पूर्वेकडच्या पेठेत, लोखंडी सामानाच्या एका बोळात आहे. स्कूटर मंडईजवळच ठेवा आणि चालत जा. आता तिथं शिंप्यांच्या कात्र्या आणि मिक्सरची पाती जास्त येतात. रशीदभाई पासष्टीचे, दाढी पांढरी, हाताची बोटं काळी. त्यांनी आधी चहा मागवला आणि तो संपेपर्यंत पिशवीकडे पाहिलंही नाही.

पातं हातात घेतलं तेव्हा त्यांनी माझ्या चकचकीत कामगिरीकडे लक्षच दिलं नाही. थेट मुठीजवळ बघितलं. जिथं मी फडकं गुंडाळलं होतं, तिथं दोन बोटं रुंद पट्ट्यात जौहर शिल्लक होतं. ते मलाही तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

"हे पातं आमच्याकडे आलेलं आहे," ते म्हणाले.

"शक्य नाही. बाबा म्हणतात, तीन पिढ्यांत हिला कुणा कारागिराचा हात लागलेला नाही."

"साहेब, ही कडेची पुसट रेघ बघा, ही दोन बोटं जागा अब्बांनी सोडलेली आहे. बाकी पातं नव्यानं केलं तरी मुठीजवळ ते दोन बोटं जुनं तसंच ठेवायचे. पुढच्या कारागिराला कळायला हवं ना, मूळचं कसं होतं ते." त्यांनी पातं जरा तिरपं केलं. "मी तेव्हा विशीत होतो. एक तरुण मास्तर आले होते, कर्वेनगरच्या बाजूला राहणारे. विटेच्या पुडीनं घासली होती. अब्बांसमोर रडायला लागले. म्हणाले, काही करा, पण आमच्या वडिलांना कळू देऊ नका."

बाबा छत्तीस वर्षं शाळेत मास्तर होते. मी मृदुलाकडे बघितलं. ती आधीच माझ्याकडे बघत होती.

"होईल का?" मी विचारलं.

"उद्या सकाळी नऊला या."

परत येताना भरपेट जेवलो. खरं सांगतो, दोन दिवसांत पहिल्यांदाच घास नीट उतरला. घरी पोचलो तर लिफ्ट सुरू झालेली.

दिवस दुसरा, खंडेनवमी. रशीदभाईंनी पातं आधीच बारीक दगडानं एकसारखं करून ठेवलं होतं. आता हिराकशीचं, म्हणजे पोलादातली नक्षी उठवणाऱ्या क्षाराचं, पाणी कापसाच्या बोळ्यानं मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेनं फिरवत होते. बोळा पुढे सरके आणि त्याच्यामागे राखाडी पोलादातून एकेक लहर वर येई. मी कितीतरी डोंगर, समुद्र बघितलेत. पण त्या बाकड्यावर बसून मी फोटो काढायचंही विसरलो. शेवटी चुन्याचं पाणी, कोरडं फडकं, तेलाचा हात. मुठीजवळची दोन बोटं त्यांनीही सोडली होती.

"कुंकू लावा, पण रात्रभर ठेवू नका, गंज धरतो," ते म्हणाले. "आणि मास्तरांना सलाम सांगा." मग फडकं झटकत, "किंवा नका सांगू. तुमचं तुम्ही बघा."

तिथून धायरी. सिंहगड रस्त्याला सणाच्या दिवशी तासभर धरून चाला. ताईनं उपमा खायला घातल्याशिवाय सोडलं नाही. बाबा काळा चष्मा लावून तयारच होते. ते आणि मृदुला रिक्षानं, मी मागून स्कूटरवर, तलवार पाठीला. रिक्षातून ते दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. सिग्नलला मला ऐकू येत होतं.

घरी आल्यावर बाबांनी चष्मा काढला, तलवार घेतली आणि सरळ गॅलरीतल्या उजेडात गेले. टोकापासून सुरुवात केली. पातं हळूहळू फिरवत मुठीपर्यंत आले आणि तिथं थांबले. त्या दोन बोटांवर त्यांनी अंगठा ठेवला. मी दारात उभा. आता विचारतील, मग काय सांगायचं, याच्या तीन आवृत्त्या माझ्या मनात तयार होत्या.

"रशीद बरा आहे का?" बाबांनी विचारलं.

"बरे आहेत. सलाम सांगितलाय."

"कशानं घासलीस?"

"भांड्यांच्या पावडरीनं."

"माझी वीट होती," असं म्हणून ते हसायला लागले. इतके, की डोळ्यांत पाणी आलं आणि मृदुला डॉक्टरांनी दिलेले थेंब घेऊन धावत आली.

"आजोबांना कधी कळलंच नाही?" मी विचारलं.

"बोलले नाहीत कधी. पण त्या नवमीला त्यांनी कोहळा स्वतः कापला नाही."

आमच्याकडे खंडेनवमीला पूजा झाली की त्याच तलवारीनं एका घावात कोहळा कापतात. तो मान घरात एकाचाच. मला आठवतंय तेव्हापासून तो बाबांचा.

पूजा झाली, हळद-कुंकू वाहिलं. खाली पार्किंगमध्ये पाटावर कोहळा ठेवला. शेजारचे चार लोक नेहमीसारखे बघायला जमले. बाबांनी तलवार उचलली, पात्यावर शेवटची एक नजर टाकली आणि मूठ माझ्याकडे केली.

मला तीन घाव लागले. बाबांनी तीनही मोठ्यानं मोजले.

तुम्ही पुण्यात असाल आणि घरात असं काही जुनं असेल, तर हा प्रवास जरूर करा. घासायच्या आधी केलात तर उत्तम. मी त्याच संध्याकाळी पातं पुसलं, तेल लावलं आणि फडक्यात गुंडाळून ठेवलं. मुठीजवळ पोचल्यावर हात आपोआप हलका झाला.