रुस्तमची मान

साताऱ्याचा माणूस फौजेत गेला यात सांगण्यासारखं काही नाही. आमच्या गल्लीत न गेलेल्याचीच चौकशी होते. मी गेलो आणि घोड्यांत पडलो. दफादार असताना माझं पोस्टिंग उत्तरेतल्या एका रिमाउंट डेपोत होतं. तिथे कोवळे घोडे आणि खेचरं शिकवून युनिटांना पाठवतात.

पहाटे पाचला स्टेबल, सहाला राइड. माझ्याकडे रुस्तम होता. तांबडा, उंच, मान वर ताणून पळणारा. आमच्या कर्नलसाहेबांना घोड्याची मान चौकातल्या पुतळ्यासारखी कमानदार लागे. त्यांची अश्वविद्या तिथेच संपत होती. म्हणून मी ड्रॉ रेन लावला. हा एक जादा लगाम. पोटाखालच्या पट्ट्याला बांधायचा, तिथून तोंडाजवळच्या कडीतून ओवून हातात घ्यायचा. ओढला की घोड्याची हनुवटी छातीला टेकते. रिसालदारसाहेब म्हणत, शहाण्याच्या हाती औषध, नाहीतर माकडाच्या हाती कोलीत. नियम एकच: उडीला तो काढायचा. मान बांधलेल्या घोड्याला समोरचा अडथळा नीट दिसत नाही.

आठवड्यात रुस्तमची मान वाकली. कर्नलसाहेबांनी आमचा फोटो काढवला.

मग लान्स दफादार मायाप्पा आला. कवठे महांकाळकडचा, मेंढपाळाच्या घरचा. बिऱ्हाड लादलेल्या तट्टांमागे वाढलेला. नम्र मुळीच नव्हता.

"गड्या, मान वाकवलीस, पर घोडं कुटं वाकलंय?"

"तू दाव की मग वाकवून."

"वाकवायचं कशाला रं? त्येचं त्येला खाली घालू दे की."

तो लगाम सैल सोडून रुस्तमला टेकाडावर चढ-उतार करायला लावायचा, शिट्टी घालत. पावसाळा संपेपर्यंत रुस्तम आपणहून मान खाली घालून चालू लागला. ते एक वेळ सोसलं असतं. पण मायाप्पाची शिट्टी ऐकली की तो खिंकाळायचा. माझ्या शिट्टीला त्याने कधी कान हलवला नाही. मी कोणी नसताना प्रयत्न करून पाहिला होता.

रिसालदारसाहेबांनी वार्षिक शोसाठी रुस्तम मायाप्पाला दिला. मला जे झालं त्याला आपल्या भाषेत जळफळाट म्हणतात.

शोला मोठे पाहुणे होते. सकाळी कर्नलसाहेबांची ऑर्डर आली.

"ड्रॉ रेन लगा रहेगा. जम्प पर भी."

"साहब, जम्प पर नहीं लगाते," रिसालदारसाहेब म्हणाले.

"फोटो आना है."

"जी, साहब."

मी कुंपणाशी उभा होतो. शेवटचा अडथळा भिंतीचा. रुस्तम हनुवटी छातीला लावून वेगात आला. त्याला भिंत दिसत नव्हती, हे मला दिसत होतं. मायाप्पाने ड्रॉ रेन सोडून दिला आणि दोन्ही हात पुढे केले. रुस्तमने मान वर काढली, तोंड वासलं आणि भिंत पार केली. फोटो अत्यंत कुरूप आला.

"ऑर्डर सुनाई नहीं दी?" कर्नलसाहेबांनी मायाप्पाला विचारलं.

"सुनाई दी, साहब."

पुढच्या आठवड्यात मायाप्पाची रवानगी खेचरांबरोबर बर्फातल्या पोस्टवर झाली. कागदावर ती रूटीन बदली होती. रुस्तम मला परत मिळाला. रोज सकाळी तो माझ्या खांद्यावरून दरवाजाकडे बघायचा. हेवा करायला माणूस समोर लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्याच हिवाळ्यात रेडिओवर मेसेज आला. खेचरांचा कॉलम हिमस्खलनात सापडला. एक खेचर परत आलं. लान्स दफादार मायाप्पा नाही. खेचराची दोरी तुटलेली नव्हती, सोडलेली होती.

यंदा मायाप्पाचे थोरले भाऊ बिराप्पा साताऱ्याला माझ्या घरी आले. गाव मायाप्पाचा घोड्यावरचा पुतळा उभारणार होतं. मूर्तिकाराला नमुना हवा होता. मी दोन्ही फोटो पुढे ठेवले. त्यांनी कमानदार मानेचा उचलला.

"ह्योच द्या. राजावानी मान हाय."

"अण्णा, त्यावर मी बसलोय."

"आवं, मग काय झालं? धड तुमचं, तोंड आमच्या मायाप्पाचं."

विचार वाईट नव्हता. रुस्तम कायमचा माझ्या मांडीखाली आला असता, तोही त्यांच्या गावाच्या खर्चाने. माझा चहा निवून गेला. मग मी दुसरा फोटो त्यांच्या हातात दिला.

"ह्यात घोड्यानं तोंड वासलंय की! आन् लगाम लोंबतोय."

"तसाच करायला सांगा. लगाम लोंबता."

पुतळा झाला. येणारे-जाणारे म्हणतात, घोडं बिथरलंय. अनावरणाला आलेल्या पाहुण्यांनी वर न बघता भाषण केलं आणि 'कर्तव्याचा लगाम अखेरपर्यंत घट्ट धरणारा वीर' असं मायाप्पाचं वर्णन केलं. टाळ्या पडल्या. बिराप्पांनी डोळे पुसले.

गर्दी पांगल्यावर मी सॅल्यूट केला. मग आजूबाजूला कोणी नाही असं पाहून एकदा शिट्टी घातली.

रुस्तमने कान हलवला नाही.