लूर्दच्या गुहेपुढचे नऊ दिवस

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. फादरांपुढे पापकबुलीला बसायचो तेव्हाही एवढंच गाळून बाकीचं सांगायचो.

मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी, म्हणजे दोन फेब्रुवारीला, सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. माझी बायको मार्था दुखरा गुडघा घेऊन बाहेर बाकावर बसली होती. बाईंनी एक्स-रे, म्हणजे आतल्या हाडाचा फोटो, खिडकीच्या उजेडात धरला. “ट्यूबरक्युलोसिस ऑफ द नी जॉइंट. गुडघ्याच्या सांध्याला क्षय झालाय. त्यांना चालू देऊ नका. गुडघे टेकून बसणं तर अजिबात नाही. उद्याच भरती करा.” आणि भरतीची चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी मी प्रार्थनेच्या पुस्तकात घातली. बाहेर येऊन म्हणालो, “वात आहे. तेल लावायला सांगितलंय.”

“मंग येवढा येळ काय बोलत व्हता?”

“बाई विलायतेच्या. त्यांचं मराठी हळू चालतं.”

ती हसली आणि उठून माझ्याबरोबर चालत घरी आली.

त्याच संध्याकाळी नोव्हेना सुरू होणार होती, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. आमच्या चर्चच्या आवारात फ्रान्समधल्या लूर्द गावच्या गुहेसारखी काळ्या दगडांची गुहा आहे, आत मरियामातेची मूर्ती. रोज संध्याकाळी तिथे जायचं, दगडी फरशीवर गुडघे टेकायचे, अख्खी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. ते वर्ष विशेष होतं, कारण लूर्दला जिला मरियामाता दिसली त्या मुलीला नुकतंच रोममध्ये संत म्हणून जाहीर केलं होतं. फादर रोज तिची थोडी गोष्ट सांगत.

पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, की ती फ्रान्समधल्या एका गिरणीवाल्याची गरीब मुलगी. दमेकरी. लाकडं वेचायला गेली आणि गुहेत तिला मरियामातेचं दर्शन झालं.

“गिरणीची म्हंजी आपल्यातलीच की,” मार्था म्हणाली.

“कापडाची नव्हे, पिठाची गिरणी हो, मार्थाबाई.”

“असू द्या की फादर. भोंगा न्हाय, येवढंच.”

सगळे हसले. मीही हसलो.

मग झऱ्याची गोष्ट झाली. मुलीने हाताने चिखल उकरला, पाणी लागलं, आणि आज जगभरचे आजारी तिथे जातात. पोलिसांनी तिला दरडावून विचारलं, तरी तिने आपला शब्द फिरवला नाही. तिसऱ्या दिवशी मार्था लंगडू लागली. पाचव्या दिवशी संध्याकाळचा ताप येऊ लागला. सातव्या दिवशी तिने माझ्या खांद्यावर हात टाकला तो चर्चपर्यंत काढला नाही. तरी रोज गुडघे टेकत होती. मी शेजारी, हातात तेच पुस्तक.

का केलं मी असं? मनाला सांगत होतो, की तिला कळलं तर ती घाबरेल आणि प्रार्थनेतला जोर जाईल. खरं सांगायचं तर मला चमत्कार हवा होता. माझ्या घरात, माझ्या बायकोवर, सगळ्या वस्तीदेखत. आणि ती दवाखान्यात गेली तर महिनोन्‌महिने रिकाम्या घरात राहायची मला भीती वाटत होती.

नवव्या दिवशी फादरांनी गोष्टीचा शेवट सांगितला. ती मुलगी पुढे जोगीण, म्हणजे नन, झाली आणि तिला हाडाचा क्षय झाला. गुडघ्यातच. लोकांनी विचारलं, तुझ्या झऱ्यावर का जात नाहीस? तो माझ्यासाठी नाही, असं म्हणून ती जोगिणींच्या मठातल्या आजाऱ्यांच्या खोलीत पडून राहिली. दुखणं हेच आपलं काम मानलं.

माझ्या हातातलं पुस्तक जड झालं.

रोझरी संपली. सगळे उठले. मार्था उठली नाही. “अहो, उठवा की मला. ह्यो गुडघा माझा न्हायच बगा आता.” हसत म्हणाली, पण ओठ पांढरे पडले होते.

टांगा करून सरळ दवाखाना गाठला. बाई म्हणाल्या, “कोल्ड अ‍ॅब्सेस. आत पू साठलाय, पण वरून गरम लागत नाही.” मग मला बाजूला घेऊन चिठ्ठी पाहिली. “नऊ दिवस कुठे होतात?”

“घरी अडचण होती.”

मी गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. कोण किती उशिरा आला ते लिहायचं, हेच माझं काम. ही सबब मी दारात हजारदा ऐकली आहे आणि एकदाही मान्य केलेली नाही. बाईंनी मान्य केली.

सुईने पू काढला. जांघेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. रोज सकाळी खाट व्हरांड्यात उन्हात ओढायची. दूध, अंडी, कॉड लिव्हर ऑइल, म्हणजे माशाचं तेल. आठ महिने. ज्यांच्या घरी हे दुखणं येईल त्यांना सांगतो, पहिला महिना सरत नाही, पुढचे सरतात. मार्था वॉर्डची पाटलीण झाली. “आत लई खाज सुटलीया, विणायची सुई आणा,” म्हणाली, आणि तीच सुई पुढे साऱ्या वॉर्डात फिरली.

प्लास्टर कापलं त्या दिवशी बाईंनी नवा एक्स-रे दोनदा पाहिला. “रोग थांबला. पाय वाचला. पण गुडघा वाकणार नाही.”

मी व्हरांड्यात त्यांना गाठलं. “लवकर आणलं असतं तर?”

“सांगता येत नाही. कदाचित वाकला असता.”

आम्ही दवाखान्यातून थेट चर्चला गेलो. फाटकाशी टांगा थांबवून मार्था खाली उतरली आणि गुहेपर्यंत एकटी चालत गेली. पाय काठीसारखा ताठ, मान त्याहून ताठ. कोणीतरी घंटा वाजवली. बायका रडत होत्या. ती मूर्तीपुढे उभी राहिली. “आई, गुडघं टेकायचं राहिलं. उभ्यानंच चालवून घे.”

आता चमत्कार झाला असं ऐकून मोडनिंबहून, करमाळ्याहून माणसं त्या गुहेला येतात आणि मार्थाचं घर विचारतात. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता प्रत्येकाला सांगते, “आदी दवाखान्यात जावा. डॉक्टर म्हनंल तसं करा. मंग हितं या.” मी शेजारी बसून ऐकतो. तुम्हालाही तेच सांगतो. प्रार्थना करा, पण चिठ्ठी लपवू नका.

उद्या सकाळी हे तिला वाचून दाखवेन, मगच छापायला देईन. त्या संत मुलीने पोलिसांपुढे शब्द फिरवला नाही. मला बायकोपुढे खरा शब्द काढायला इतकी वर्षं लागली.

मार्थाचे नऊ दिवस मी देणं लागतो.